उपवास, शिस्त, कंट्रोल: कळव्याच्या एका धावपटूचं प्रकरण

खाण्याच्या आजारात सापडलेल्या एका धावपटू मुलाचं हे प्रकरण त्याच्या, त्याच्या आईवडिलांच्या आणि बहिणीच्या परवानगीनं लिहितो आहे. मसुदा चौघांनीही वाचला आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याचं वजन किती होतं, किती उतरलं, दिवसाला तो किती खायचा, हे आकडे मात्र यात कुठेच सापडणार नाहीत. ते मुद्दाम गाळलेत. असा आकडा दिसला की त्या वाटेवरची मुलं त्याच्याशीच शर्यत लावतात. हे मला त्यानंच सांगितलं.

पार्श्वभूमी

मी ठाण्यात गेली अठरा वर्षं मुलांना धावणं शिकवतो. नोकरी वेगळी आहे. सकाळी साडेपाच ते साडेसात एवढीच वेळ माझी स्वतःची. वीस-पंचवीस मुलंमुली येतात, बहुतेक कळवा, कोपरी, वागळे इस्टेट, वर्तकनगरची. मंगळवार-गुरुवार मैदानावर इंटरव्हल, शनिवारी उपवनवरून येऊरचा चढ, रविवारी लाँग रन आणि मग ठरलेल्या गाडीवर पोहे. निम्मी मुलं पोलीस भरतीसाठी आलेली असतात. १६०० मीटरचं टायमिंग बसलं की दिसेनाशी होतात. उरलेल्यांत एखादाच धावण्यासाठी धावणारा निघतो.

हा मुलगा तसा होता. आला तेव्हा अठरा पूर्ण, बी.कॉम.चं पहिलं वर्ष. वडील एका कंपनीत सुपरवायझर, आई घराच्या पुढच्या खोलीत पोळी-भाजी केंद्र चालवते, थोरली बहीण लग्न होऊन ऐरोलीला. गाव साताऱ्याकडे, आजोबा माळकरी, त्यामुळे घरात एकादशी लहानपणापासून. ग्रुपमध्ये सगळे त्याला ‘माऊली’ म्हणायचे. (हेही बदललेलं आहे, पण खरं टोपणनाव याच जातीचं होतं.) ५००० मीटर हा त्याचा इव्हेंट. २०२३च्या मे महिन्यात त्याचं बेस्ट टायमिंग १६ मिनिटं १२ सेकंद होतं आणि त्याला १६च्या आत यायचं होतं. मीच म्हणालो होतो, ‘जरा हलका झालास तर येशील.’ कुठल्याही कोचनं दिवसातून तीनदा म्हणावं असं ते वाक्य. मी ते विसरूनही गेलो.

दिसत होतं ते सगळं

मागे वळून पाहताना सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की लपलेलं काहीच नव्हतं. फक्त प्रत्येक लक्षणाला आमच्याकडे आधीच एक चांगलं नाव तयार होतं.

२९ जूनला आषाढी एकादशी झाली आणि त्यानं चातुर्मास धरला: एकभुक्त. घरात कौतुक झालं. त्या वर्षी श्रावण अधिक होता. १८ जुलैपासून अधिक श्रावण, १७ ऑगस्टपासून निज श्रावण, तो थेट १५ सप्टेंबरपर्यंत. दोन महिने श्रावण! सोमवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, आणि उरलेल्या दिवशी एकदाच जेवण. एखाद्या अमराठी घरात एवढ्यात कोणीतरी चमकलं असतं की काय कोण जाणे. आमच्याकडे कॅलेंडरच त्याच्या बाजूनं होतं.

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं वाण द्यायला बोलावलं होतं. आईनं पुरणाचे धोंडे केले, अनारसे केले. ती मला नंतर सांगत होती, ‘सर, त्या दिवशी वाढायला हाच. दाजींना आग्रह, बहिणीला आग्रह, वर तुपाची धार. मला वाटलं, पोरगा किती गुणाचा. सगळे उठल्यावर लक्षात आलं, हा बसलाच नव्हता.’ स्वतः उपाशी राहून दुसऱ्याला पोटभर खाऊ घालणं हे या आजारात नेहमी दिसतं, हे मला डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा आम्ही त्याला संस्कार म्हणत होतो.

रविवारी पोह्यांची प्लेट फिरायला लागली की हा चपला शोधायला जायचा, नाहीतर कोणाची तरी बाटली भरून आणायला. एकदा एकानं दोन प्लेटा घेतल्या तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘जरा माऊलीकडून शिका.’ तारीख आठवत नाही, त्याला आठवते. पाऊस होता, आणि मी निळा रेनकोट घातला होता.

मग वजनकाटा. दर सोमवारी बाकाखाली एक डिजिटल काटा ठेवलेला असायचा. एकेकानं चढायचं, मी आकडा मोठ्यानं वाचायचो, एक मुलगा तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. यात काही वावगं आहे असं अठरा वर्षांत मला एकदाही वाटलं नाही. माझ्या कोचनंही हेच केलं होतं, फक्त त्यांच्याकडे भंगारवाल्याचा काटा होता.

सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या बहिणीचा फोन आला. ‘सर, तो जेवत नाही. म्हणजे जेवतो, पण केंद्रातल्या भाजी मोजायच्या काट्यावर ताट ठेवून जेवतो. आणि रात्री चिडचिड करतो.’ मी म्हटलं, ‘अगं, खेळाडू आहे. कंट्रोल करतोय. तुम्ही घरचे उगाच घाबरता.’ फोन दोन मिनिटांत संपला. या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण हाच होता, आणि तो मी उभ्या उभ्या, एका हातात स्टॉपवॉच धरून उडवून लावला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो १५ मिनिटं ३८ सेकंद धावला.

त्यानंतर कोणाचंच तोंड उघडलं नाही. टायमिंग सुधारतंय म्हणजे तब्येत चांगली, यापेक्षा पटकन पटणारा युक्तिवाद आमच्या धंद्यात नाही. खरं तर खाणं तोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे वेळ सुधारू शकते. शरीर जे उधार देतं त्याची वसुली नंतर होते. मॉली सायडेल या अमेरिकन धावपटूला टोकियो ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ब्राँझ मिळालं आणि खाण्याच्या आजाराशी चाललेल्या झगड्याबद्दल ती उघडपणे बोलते. पदक आणि आजार एकाच अंगात राहू शकतात. आम्हाला मात्र १५:३८ दिसत होते. एका मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तो कुठलं डाएट करतो हो?’

आणखी एक गोष्ट घरच्यांना फसवत होती. मधूनच रात्री अकरा-बाराला तो पोळ्यांच्या डब्याशी उभा सापडायचा. एकदा आईनं मोजलं, बऱ्याच पोळ्या कमी. तिला हायसं वाटलं. ‘न जेवणारा मुलगा असं खाईल का?’ खाल्ल्यावर तो खाली जाऊन बिल्डिंगचे जिने चढायचा-उतरायचा. शेजाऱ्यांना तो सराव वाटे.

नोव्हेंबर

दिवाळीनंतर त्यानं सांगितलं, उजव्या जांघेत दुखतंय. मी स्नायू ओढला गेला म्हणून बर्फ आणि चार दिवस आराम सांगितला. त्यानं आराम केला नाही. आठव्या दिवशी तो लंगडत आला. आमच्या जुन्या ग्रुपमधली एक मुलगी आता फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं त्याला एका पायावर उडी मारायला सांगितली. जमेना. ‘सर, याला आत्ता धावायला लावू नका,’ एवढंच म्हणून तिनं ऑर्थोपेडिककडे पाठवलं.

एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीचा स्ट्रेस फ्रॅक्चर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसला: मांडीच्या हाडाच्या मानेला चीर. नशीब, खालच्या बाजूला होती. वरच्या बाजूला असती तर स्क्रू घालावे लागण्याची शक्यता होती. नडगीची चीर धावपटूंच्या पाचवीला पुजलेली. मांडीच्या मानेची तशी नाही, ती दिसली की डॉक्टर हाडापलीकडे बघायला लागतात.

त्यांनी विचारलं, ‘हा जेवतो का नीट?’

वडील म्हणाले, ‘डॉक्टर, याच्या आईचं पोळी-भाजी केंद्र आहे.’

आम्हा सगळ्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं. डॉक्टरांना वाटलं नाही. नाडी ४१ भरली. मी जरा अभिमानानंच म्हणालो, ‘धावपटू आहे ना, असते.’ मग तिथल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं त्याला पाच मिनिटं आडवं झोपवलं, पुन्हा नाडी मोजली. मग उभं केलं आणि परत मोजली. ७८. ती मला म्हणाली, ‘काका, कमावलेल्या हृदयाची नाडी झोपल्यावर कमी असते, बरोबर. पण नुसतं उभं राहिल्यावर ती एवढी उसळत नाही.’ बाकीचं रक्ताच्या रिपोर्टमध्ये आलं: टेस्टोस्टेरॉन त्याच्या वयाच्या मानानं फारच कमी, थायरॉइडचा टी-३ खाली. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये मणक्याचं हाड वयाच्या मानानं विरळ. त्याला चार दिवस भरती करून घेतलं.

या सगळ्याला एकत्र धरणारं नाव आहे. १९९०च्या दशकात त्याला ‘फीमेल ॲथलीट ट्रायड’ म्हणत: कमी खाणं, पाळी थांबणं, हाडं ठिसूळ होणं. नावातच ‘फीमेल’ असल्यामुळे मुलांकडे कोणी बघेना. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी ते रुंद करून ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट) केलं आणि पुरुषांनाही त्यात घेतलं; २०२३च्या सप्टेंबरमध्ये त्याची नवी मांडणी आली. म्हणजे आमचा माऊली काट्यावर ताट ठेवून जेवत होता त्याच महिन्यात. साध्या शब्दांत सांगायचं तर, व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या रोजच्या कामाला जी शक्ती उरायला हवी ती उरत नाही. मग शरीर एकेक खातं बंद करत जातं. प्रजनन, हाडं, ऊब. ऑक्टोबर हीटमध्ये तो जाकीट घालून वॉर्म-अप करायचा, त्याचं कारण हेच.

मुलींमध्ये पाळी थांबते, निदान एक घंटा वाजते. मुलांमध्ये तेवढीही वाजत नाही. अर्थात वाजलेली घंटा तरी आम्ही कुठे ऐकली होती? पाळी गेलेल्या मुली माझ्या ग्रुपमध्ये आधीही होऊन गेल्या. एकीच्या घरी ‘पीसीओडी असेल’ म्हणाले. दुसरीनं मला चाचरत सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, ‘ट्रेनिंग जोरात असलं की होतं असं.’ मला ते ट्रेनिंग बरोबर चालल्याचं लक्षण वाटत असे. हे लिहायला जड जातंय, पण लिहायलाच हवं.

समोर काय काय पर्याय होते

हाड जोडायचा मार्ग ठरलेला होता: कुबड्या, पायावर भार नाही, पुन्हा एमआरआय. प्रश्न खाण्याचा होता, आणि त्याबाबत प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी होतं.

वडिलांना डाएटिशियन पुरे वाटत होता. कंपनीजवळच्या जिममधल्या एकानं तक्ता आणि प्रोटीन पावडर द्यायची तयारी दाखवली होती. यात लाज नव्हती, खर्च बेताचा होता, कोणाला सांगायलाही बरं. हा पर्याय जवळजवळ पक्का झाला होता. त्यातली अडचण मुलानंच नंतर हसून सांगितली: ‘सर, मला तक्ता देणं म्हणजे दारुड्याला बारची चावी.’ मोजमाप हाच ज्याचा आजार, त्याच्या हातात आणखी एक मोजपट्टी.

माझ्या डोक्यात २१ जानेवारी होती. त्या दिवशी मुंबई मॅरेथॉन, त्यातल्या १० किलोमीटरला त्याचं नाव घातलेलं. जानेवारी तर गेलीच होती, पण पुढची एखादी शर्यत आमिष म्हणून दाखवावी: ‘जेवलास तर धावशील.’ कोचला सुचणारा हा सगळ्यात स्वाभाविक उपाय. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी तो मोडीत काढला. त्या म्हणाल्या, ‘त्याच्या मनात आधीच जेवण हे धावून कमवायचं असतं. तुम्ही त्याच हिशोबावर शिक्का मारताय.’

आईला वाटत होतं, चार दिवस हातानं भरवलं की झालं.

आणि चौथा पर्याय, जो ऑर्थोपेडिकनं चिठ्ठीवर लिहूनच दिला होता: मानसोपचार विभाग.

त्या चिठ्ठीवरून त्या घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी वडील मला स्टेशनबाहेर भेटले. ‘सर, गावाकडं ठाण्याला न्यायचं म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. आम्ही ठाण्यात राहतो म्हणून पाव्हणे आधीच हसतात. आता खरंच नेऊ?’

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. इथलं मनोरुग्णालय १९०१पासून आहे आणि तेव्हापासून सगळ्या महाराष्ट्राच्या विनोदात आमच्या शहराचं नाव तेवढ्यासाठीच येतं. आम्ही ठाणेकर त्यावर हसायला शिकलोय. पण ज्याच्या घरात चिठ्ठी आली आहे त्याला कसं हसू येणार? शेवटी मी एवढंच म्हटलं, ‘साहेब, पायाची चीर दाखवायला तुम्ही लाजलात का? हे त्याच आजाराचं दुसरं टोक.’ ते म्हणाले, ‘पायाचं सांगता येतं हो.’

बोलणं: एकदा फसलेलं, एकदा जमलेलं

पहिल्यांदा मी त्याच्याशी दवाखान्यातच बोललो. ‘अरे, मग जेव ना नीट. प्रॉब्लेम काय आहे?’ तो म्हणाला, ‘हो सर.’ हे ‘हो सर’ मी अठरा वर्षं ऐकतोय. त्याचा अर्थ ‘आता तुम्ही जा’ असा असतो.

दुसऱ्यांदा जाण्याआधी मी त्याच्या बहिणीला फोन केला. सप्टेंबरच्या फोनबद्दल आधी माफी मागितली. तिनं सांगितलं, शरीराबद्दल काही बोलू नका. ‘बारीक झालास’ हे त्याला बक्षीस वाटतं आणि ‘बरा दिसतोस’ म्हणजे जाड झालास असं ऐकू येतं. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून तिनं स्वतःच हे विचारून घेतलं होतं. घरात सगळ्यात आधी सावध झालेली तीच.

दुपारी तीनला केंद्र बंद असतं. मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. आत परातीत उद्याच्या पिठावर ओलं फडकं होतं. मी त्याला मी काय पाहिलं तेवढंच सांगितलं. तू चपला शोधायला जायचास ते मी बघत होतो. ऑक्टोबरात तुला थंडी वाजायची ते बघत होतो. आणि मी तुझं सगळ्यांसमोर कौतुक करत होतो, ते माझं चुकलं.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर, आई पोळी लाटायला लागली की मी मोजायला लागतो.’

‘काय मोजतोस?’

‘सगळं. तेल किती, पीठ किती, किती लॅप.’ मग जरा थांबून, ‘बंद होत नाही ते.’

निघताना त्यानं विचारलं, ‘पण हे मुलींचं असतं ना?’ मला उत्तर माहीत नव्हतं. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला सांगितलं की या आजाराचं, म्हणजे ॲनोरेक्सियाचं, वैद्यकातलं सगळ्यात जुनं वर्णन १६८९चं आहे, रिचर्ड मॉर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरचं. त्यात दोनच रुग्ण आहेत, एक मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. म्हणजे पहिल्या दिवसापासून मुलगा यादीत आहे. तरीही पुढची तीनशे वर्षं निकष मुली डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले. ‘पाळी थांबणं’ ही अट अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतून गेली ती २०१३मध्ये.

प्रत्यक्षात काय केलं

एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मानसोपचार सुरू झाला. तिथल्या आहारतज्ज्ञ आणि फिजिशियन एकाच फायलीवर लिहीत, ही मोठीच सोय झाली. पहिल्याच दिवशी आईनं साजूक तुपातला शिरा नेला होता. तो परत पाठवला. तिला राग आला, मलाही समजेना. मग कळलं, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम अन्न लोटलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं. त्यामुळे सुरुवातीला खाणं टप्प्याटप्प्यानं वाढवत नेलं आणि फॉस्फेट, पोटॅशियम पुन्हा पुन्हा तपासलं. ‘आता खाऊन भरून काढू दे’ ही आपल्याकडची पहिली माया इथे धोक्याची.

आईला शेजारणी म्हणत होत्या, ‘घरात अन्नाचा डोंगर आणि पोरगा उपाशी?’ ती महिनाभर मान वर करत नव्हती. डॉक्टरांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. तुमच्यामुळे झालेलं नाही. आणि बरं करायला तुम्हीच लागणार. पहिल्या गोष्टीवर तिचा अजून विश्वास नाही. दुसरी तिनं अशी काही मनावर घेतली की केंद्र संध्याकाळचं बंद ठेवलं. दिवसातून सहा वेळा खाणं, ताट आईनं वाढायचं, काय आणि किती हे त्यानं ठरवायचं नाही, जेवताना कोणीतरी सोबत बसायचं आणि नंतर अर्धा तास उठू द्यायचं नाही. भाजीचा काटा तिनं तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला आणि गिऱ्हाइकांना पळीनं भाजी द्यायला लागली. तीन महिने कळव्यातल्या तेवढ्या गिऱ्हाइकांना बहुधा जरा जास्तच भाजी मिळाली.

पहिले दोन महिने सोपे नव्हते. पोळीवरचं तेल तो वर्तमानपत्राला टिपायचा. वरण पुन्हा पातेल्यात जायचं. एकदा ताट भिंतीवर गेलं. वडील त्या दिवशी पहिल्यांदा ओपीडीत आले.

मी काय केलं? डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय पळायचं नाही, हे त्याला तोंडावर सांगितलं. ग्रुपमधून मात्र काढलं नाही. त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं, इंटरव्हलचे स्प्लिट्स, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ, ओरडायचं काम दिलं. मला वाटलं, फार छान युक्ती. दोन आठवड्यांत बहिणीचा फोन: तो घरी येऊन इतरांचे स्प्लिट्स वहीत उतरवतो आणि रात्री झोपत नाही. युक्ती गुंडाळली. त्यानंतर तो फक्त रविवारी यायचा, लाँग रन संपल्यावर, थेट पोह्यांच्या गाडीवर.

वजनकाटा मी डिसेंबरात बंद केला. त्यावर दोन मुलं नाराज झाली आणि एक पालक तर चिडलेच: ‘मग प्रोग्रेस कळणार कसा?’ उलट दुसऱ्या एकानं मुलीला काढून घेतलं. तुमच्याकडे पोरं उपाशी ठेवतात असं ऐकलं म्हणाले. ग्रुपमध्ये ‘नजर लागली’पासून ‘मेंटल झाला’पर्यंत सगळं बोलून झालं. त्याच्या परवानगीनं मी एकदा सगळ्यांना बसवून पाच मिनिटांत सांगितलं. मग मी आणखी एक चूक केली: रविवारी पोहे सक्तीचे केले आणि कोण किती खातो यावर नजर ठेवायला लागलो. म्हणजे सोमवारचा काटा रविवारी आणला. हे माझ्या लक्षात आणून दिलं ते फिजिओ मुलीनं.

निकाल

हाडाची चीर मार्च २०२४पर्यंत भरली. एप्रिलमध्ये एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशी सुरुवात झाली. टेस्टोस्टेरॉन हळूहळू वर आलं. मेमध्ये तो परीक्षेच्या ताणात पुन्हा घसरला. सकाळची न्याहारी पिशवीतून कचराकुंडीत जात होती. या वेळी तीन आठवड्यांत पकडलं, कारण आता त्या आजाराला सगळे एकाच नावानं हाक मारत होते.

खरी कसोटी ऑगस्टची होती. ५ ऑगस्टला श्रावण लागला, आणि त्याच दिवशी सोमवारही होता. त्यानं आईला म्हटलं, फक्त सोमवार करतो. आईला ‘नको’ म्हणवेना. देवाच्या कामाला नाही म्हणायची सवय त्या घराला नाही. तिनं साताऱ्याला फोन लावला. आजोबांनी आख्खं आयुष्य वारी केलेली. ते म्हणाले, ‘आजाऱ्याला उपास नसतो. आजारी आहेस का तू?’

मुलगा फोन हातात धरून उभा राहिला. आई सांगते, त्या एका प्रश्नावर तो डॉक्टरांसमोर बसला नसेल इतका वेळ गप्प होता. सूट हवी तर आधी ते नाव स्वतःच्या तोंडून घ्यायला हवं होतं. शेवटी तो ‘हो’ म्हणाला. आजोबा म्हणाले, ‘मग जेव,’ आणि पावसाचं बोलायला लागले.

१५:३८ परत आलेले नाहीत. सध्या आठवड्यातून तीनदा पळतो, १७च्या आसपास. याचं त्याला वाईट वाटतं, आणि वाटू नये असं मी म्हणत नाही.

आज हेच प्रकरण समोर आलं तर

सप्टेंबरचा तो फोन मी बसून घेईन. पूर्ण ऐकेन, आणि ‘घाबरू नका’ म्हणायच्या ऐवजी ‘केव्हापासून?’ असं विचारेन. नोव्हेंबरातलं हाड वाचलं असतं की नाही हे सांगता येत नाही, पण दोन महिने नक्की हातात होते.

वेळ अचानक सुधारली की आता मी टाळ्यांबरोबर चौकशीही करतो. झोप कशी आहे, थंडी वाजते का, वर्षभरात हाडाचं दुखणं झालंय का. मुलींना पाळीबद्दल मी विचारत नाही. फिजिओ मुलगी विचारते, कारण माझ्यासमोर त्या खरं सांगणार नाहीत. तिच्यामुळे एका मुलीचं कळलं, की तिला पाळी नियमित करायच्या गोळ्या चालू होत्या आणि महिन्याला रक्तस्राव होत असल्यानं घरचे निश्चिंत होते. गोळ्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे शरीर सावरलं असं नव्हे. हाडांना त्याचा पुरेसा फायदा होत नाही. तिच्या तपासण्या चालू आहेत.

उपवासाबद्दल माझं मत पक्कं झालेलं नाही. ग्रुपमधली निम्मी मुलं कसला ना कसला उपवास करतात आणि ठणठणीत असतात. उपवास बंद करा म्हणणारा मी कोण? मी आता एवढंच बघतो, की उपवास सोडताना मुलगा कसा असतो. उपवास सोडायला उत्सुक असलेलं पोर वेगळं दिसतं आणि सोडायला घाबरणारं वेगळं.

‘जरा हलका हो’ हे वाक्य मी सोडलंय. तोंडात येतं अजून.

सध्याची स्थिती

मानसोपचाराच्या भेटी महिन्यातून एकदा. मार्चमध्ये पुन्हा डेक्सा आहे. मणक्याचं हाड किती भरलं ते तेव्हा कळेल. तपासणीला आता वडील सोबत जातात. रजेच्या अर्जावर ते अजून ‘मुलाच्या पायाचं काम’ असंच लिहितात.